इंजिनाचा संगणक : निदान आधी, बदल नंतर

इतिहासाच्या अध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना नवल वाटेल. आमच्या वाट्याला हा विषय एका चुकीमुळे आला, आणि ती चूक यंत्राची नव्हती, आमची होती. शाळेची गाडी बंद पडली तेव्हा पुरावा न तपासता आम्ही एक निर्णय दिला होता. तो का चुकला, इंजिनाच्या संगणकात खरोखर बिघाड आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि असल्यास तो कसा बदलावा, हे पुढील दोन वर्षांत आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून शिकलो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज गाडी चालवून किंवा दुरुस्त करून संसार करतात. अनेक पालकांच्या दृष्टीने दारातील काळीपिवळी, जीप किंवा मालवाहू गाडी हेच घरातले एकमेव भांडवल आहे. त्यांना उपयोग व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

धुराचा प्रश्न आणि संगणकाचे आगमन

फर्दापूर हे पूर्वापार वाटसरूंचे गाव. मोगल काळात येथे प्रवाशांसाठी सराई बांधली गेली. आज त्याच गावाच्या टी पॉइंटवर पर्यटकांच्या खासगी गाड्या थांबवल्या जातात, आणि अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंतचे शेवटचे सुमारे ४ किलोमीटर अंतर एसटीच्या गाडीने कापावे लागते. वाहनांचा धूर लेण्यांपासून व तेथील चित्रांपासून दूर राहावा, हा त्यामागील हेतू. आपल्या मुलांना ही व्यवस्था नित्य दिसते. परंतु मोटारीच्या इंजिनात संगणक आला तोही याच धुराच्या प्रश्नामुळे, हे सहसा लक्षात येत नाही.

जुन्या पेट्रोल गाडीत हवा आणि इंधन यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. कान लावून, पेचकस फिरवून कुशल कारागीर तो बसवून देई. परंतु १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचा संबंध मोटारींच्या धुराशी आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्यात धुरावर नियम आले. हे नियम पाळण्यासाठी १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी बसवण्यात आली. पुढे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो नीट चालायचा, तर १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण क्षणोक्षणी राखावे लागते. हे काम पेचकसाच्या आवाक्यातले नव्हते. १९९७ पासून डिझेल मोटारींतही कॉमन रेल पद्धती रूढ होऊ लागली, आणि डिझेल किती, केव्हा व किती वेळ फवारायचे हा निर्णयही संगणकाकडे गेला.

आपल्या देशात 'इंडिया २०००' या नावाने युरोपच्या धर्तीवरचे नियम आले. भारत स्टेज-४ हे नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, आणि पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले. या शेवटच्या पायरीबरोबर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे हा विषय आता केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. दूध घालायला किंवा शेतावर जाणाऱ्या दुचाकीतही एक लहानसा संगणक बसलेला असतो.

आपल्या जिल्ह्याला वाहनउद्योग अपरिचित नाही. वाळूजला १९८५ पासून दुचाकी बनतात, आणि शेंद्र्याला २००१ पासून मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. तरीही सोयगाव-सिल्लोडकडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, की तिचे म्हणणे समजून घेणारे हात थोडेच सापडतात. या अंतरातूनच आमची चूक घडली.

संगणक काय करतो

गॅरेजमध्ये या भागाला 'ईसीएम' म्हणतात. वहीएवढा धातूचा बंद डबा, एक-दोन मोठे जोड आणि त्यांत शंभराच्या आसपास तारा, एवढेच त्याचे बाह्यरूप. त्याला इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याच्याकडे केवळ सेन्सरांच्या साक्षी येतात. क्रँक सेन्सर इंजिन कोणत्या स्थितीत व किती वेगाने फिरते ते सांगतो. इतर सेन्सर पाण्याचे तापमान, आत येणारी हवा, रेलमधील डिझेलचा दाब आणि चालकाने पायाने मागितलेला वेग कळवतात. बहुतेक सेन्सरांना संगणक स्वतः ५ व्होल्टचा पुरवठा देतो, आणि त्यांतून परत आलेल्या कमीअधिक व्होल्टवरून परिस्थिती ताडतो. मग तो इंजेक्टर, पंप, रिले यांना आज्ञा देतो.

दफ्तरखान्यात बसलेल्या इतिहासकाराची स्थिती अशीच असते. त्याच्यासमोर घटना नसते, फक्त कागद असतात. कागदच खोटा असेल, किंवा अर्धा फाटून आला असेल, तर निष्कर्ष चुकतो, आणि त्या चुकीचा दोष इतिहासकाराच्या बुद्धीला लावता येत नाही. ईसीएमवर येणारे बहुतेक आरोप या प्रकारचे असतात. बिघाड तारेत, जोडात, फ्यूजमध्ये, सेन्सरमध्ये किंवा बॅटरीत असतो. नाव मात्र संगणकाचे होते, कारण तो भाग सर्वांत महाग आणि सर्वांत अनाकलनीय असतो.

आम्ही दिलेला निर्णय

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत शाळेची नऊ आसनी डिझेल गाडी खेळाच्या स्पर्धेहून आठ मुलींना घेऊन सिल्लोडकडून परतत होती. रात्रीची वेळ, भर पाऊस. अजिंठ्याच्या घाटात इंजिन एकाएकी बंद पडले. आमच्या चालकांना सारी मुले 'मामा' म्हणतात. मामांनी गाडी कडेला घेतली, मागे दगड लावले, मुलींना उतरवून संरक्षक कठड्याच्या आत उभे केले, आणि तासाभराने दुसऱ्या वाहनाने त्या सुखरूप पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. त्यानंतर पंधरा दिवसांत ती आणखी दोनदा अशीच थांबली.

शहरातील एका कार्यशाळेत गाडी नेली. तेथे स्कॅनर जोडला गेला, काही संकेतांक निघाले, आणि निकाल मिळाला : ईसीएम गेला आहे, नवा बसवावा लागेल, खर्च सुमारे ४८ हजार. कारण विचारले असता, गाडीवर अलीकडे वेल्डिंग झाले आहे काय, असा उलट प्रश्न आला. महिन्यापूर्वी मामांनी टपावरचा कॅरिअर वेल्ड करून घेतला होता. झाले, कारण सापडले.

मुलींच्या वसतिगृहातील गाद्या बदलण्यासाठी जमवलेल्या निधीतून हा खर्च करावा, आणि निष्काळजीपणाबद्दल मामांच्या वेतनातून दरमहा एक हजार रुपये कापावेत, अशी टिपणी व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्यात आली. ती टिपणी आम्हीच लिहिली होती. मामांनी तिच्यावर काही न बोलता सही केली.

नवा संगणक मागवण्याआधीच्या रविवारी आमचा एक माजी विद्यार्थी भेटीला आला. दहावीनंतर त्याने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पुढे गाड्यांच्या विजेच्या कामातच तो मुरला. सारी हकीकत ऐकून त्याने विचारले,

"सर, ईसीएम गेला हे कुणी मोजलं?"

"स्कॅनरने दाखवलं," आम्ही म्हणालो.

"स्कॅनर साक्ष देतो, सर. निकाल देत नाही. एकाच साक्षीवर इतिहास लिहू नये, हे तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने पिशवीतून मल्टिमीटर, दोन तारा जोडलेला २१ वॅटचा बल्ब आणि लहान स्कॅनर काढला. हत्यारे ओट्यावर ठेवून तो आधी मामांजवळ जाऊन बसला.

तपासणीची पायऱ्यापायऱ्यांची रीत

पहिली पायरी चौकशीची. "मामा, बंद कधी पडते? दिवसा की रात्री?" मामा म्हणाले, "रात्रीच. पावसात. दिवसा एकदाही नाही पडली." आणि वेल्डिंगबद्दल विचारताच ते म्हणाले, "बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती ना मी. वेल्डरलाही अर्थ जवळच लावायला सांगितला होता." हे त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. वेल्डिंगने संगणक बिघडू शकतो, ही शंका निराधार नाही, म्हणून मामांनी घेतली तीच काळजी प्रत्येकाने घ्यावी. परंतु शंका आणि सिद्धता यांत अंतर आहे. रात्री आणि पावसात गाडीचे दिवे, वायपर आणि पंखा एकाच वेळी चालतात. वीज अधिक लागते तेव्हाच इंजिन थांबते, हा पहिला खरा धागा होता.

दुसरी पायरी बॅटरीची. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत, आणि स्टार्टर फिरताना व्होल्ट सुमारे ९.६ च्या खाली जाऊ नयेत. दुबळ्या बॅटरीमुळे संगणक भलतेसलते संकेतांक नोंदवतो. आमच्या गाडीची बॅटरी ठीक होती.

तिसरी पायरी संकेतांक वाचण्याची. ते पुसून टाकण्यापूर्वी सर्व लिहून घ्यावेत, आणि बिघाडाच्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची संगणकाने जपलेली नोंदही पाहावी. 'पी'ने सुरू होणारे संकेतांक इंजिन व गिअरबॉक्सविषयी असतात, 'यू'ने सुरू होणारे आपसातील संपर्काविषयी. 'पी ०६०६' हा स्वतः संगणकाच्या प्रक्रियेतील दोषाकडे बोट दाखवतो, 'पी ०६४१' हा सेन्सरांच्या ५ व्होल्ट पुरवठ्याकडे. आमच्या गाडीत मुख्य नोंद होती 'यू ०१००' : इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला. कार्यशाळेने त्याचा अर्थ 'संगणक मेला' असा लावला. परंतु शेजाऱ्याच्या दारावर थाप मारूनही उत्तर आले नाही, तर तो मेला असेल, झोपला असेल, किंवा दाराची कडी बाहेरूनच लागली असेल. संकेतांक इतकेच सांगतो की उत्तर आले नाही.

चौथी पायरी पुरवठ्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. संगणकाला सतत चालू असणारा पुरवठा, चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा आणि उत्तम अर्थिंग, तिन्ही मिळालेच पाहिजेत. फ्यूज आणि मुख्य रिले पाहून झाल्यावर विद्यार्थ्याने आम्हाला एक गोष्ट समजावली. नुसत्या मल्टिमीटरने तारेवर १२ व्होल्ट दिसले, म्हणजे तार चांगली आहे असे नव्हे. कुजलेल्या तारेचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज मागतो. तो लख्ख पेटला, तरच तार ओझे वाहू शकते असे समजावे. ही बल्बची चाचणी केवळ मुख्य पुरवठा आणि अर्थिंग यांच्यासाठी आहे. सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या तारेला बल्ब कधीही लावू नये, कारण त्याने चांगला संगणकही जळेल.

त्यानंतर त्याने मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार संगणकाच्या अर्थिंगच्या जोडाला लावली. इंजिन सुरू, बाकी सर्व बंद. मीटरवर जवळजवळ शून्य. मग त्याने मामांना दिवे, वायपर आणि पंखा चालू करायला सांगितले. आकडा चढत १.२ व्होल्टवर गेला. तेथे ०.१ व्होल्टहून अधिक दिसणे संशयास्पद असते. आमच्या नववीच्या पुस्तकातला ओमचा नियमच तेथे उभा होता : जोडाचा रोध ०.०८ ओहम आणि त्यातून जाणारी वीज १५ अँपिअर, म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच हरवले. गाडी हादरली की हा अर्धवट जोड क्षणभर सुटे, संगणकाचे भान हरपे आणि इंजिन थांबे.

अर्थिंगची जाड तार सांगाड्याला जेथे बोल्टने कसलेली होती, तेथे तो गाडीखाली गेला. बोल्ट सोडवला. तारेच्या टोकाखाली काळ्या रंगाचा जाड थर होता. गंज लागू नये म्हणून गाडीचा खालचा भाग रंगवून घेतला होता, आणि रंगाऱ्याने रंगावरच तार कसली होती. शाळेच्या वर्धापनदिनी गाडी नवीकोरी दिसावी, म्हणून ती रंगवण्याचा प्रस्ताव आम्हीच मांडला होता.

पॉलिश कागदाने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवा बोल्ट घट्ट बसवला, वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. पुन्हा सर्व दिवे लावून मोजले : ०.०४ व्होल्ट. त्या रात्री आम्ही स्वतः मामांशेजारी बसून घाट दोनदा चढलो-उतरलो. गाडी थांबली नाही. खर्च शंभर रुपयांच्या आत. सोमवारी आम्ही समितीपुढे दुसरी टिपणी ठेवली, पहिली मागे घेतली, आणि सर्व कर्मचाऱ्यांसमोर मामांची क्षमा मागितली. ते इतकेच म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं, सर."

संगणक खरोखर दोषी असतो तेव्हा

या हकीकतीवरून 'संगणक कधीच बिघडत नाही' असा अर्थ कोणी काढू नये. दोन वर्षांनी, पुन्हा पावसाळ्यात, तीच गाडी अंगणातच अडली. स्टार्टर जोरात फिरे, पण इंजिन सुरू होईना, आणि स्कॅनरला ईसीएम सापडेना. आता आम्हीच उतावीळपणे म्हणालो, अर्थिंग असेल. विद्यार्थी हसला नाही. "मागच्या वेळचं उत्तर या वेळच्या प्रश्नाला लावायचं नाही, सर," असे म्हणून त्याने पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.

संगणकाचा जोड काढून पुरवठ्यावर आणि अर्थिंगवर बल्ब लावला, तो लख्ख पेटला. मग संपर्काच्या तारा. स्टिअरिंगखालच्या १६ टोकांच्या सॉकेटमध्ये ४ व ५ ही अर्थिंगची टोके, १६ हे बॅटरीचे, आणि ६ व १४ ही संगणकांच्या आपसातील संभाषणाची असतात. बॅटरी सोडवून ६ आणि १४ यांच्यामध्ये रोध मोजला, तर साधारण ६० ओहम यावा, कारण वाहिनीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आमच्या गाडीत तारा तर शाबूत होत्या.

उरला ५ व्होल्टचा पुरवठा. तो नव्हताच. येथे घाई करणारा चुकतो, कारण एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी तो सर्वांचे ५ व्होल्ट गिळतो. म्हणून एकेक सेन्सर सोडवत जायचे, आणि प्रत्येक वेळी मोजायचे. कोणता सेन्सर सोडवताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्याचा. सर्व सेन्सर सोडवले, त्या तारा कोठे घासून अर्थला लागल्या नाहीत हेही पाहिले, तरी ५ व्होल्ट आले नाहीत. आता बोट संगणकाकडे वळत होते. जोडाच्या पिनांवर हिरवट थर दिसला. शहरातील एका जाणकाराने डबा टेबलावर घेऊन वेगळा पुरवठा दिला, तरी तो मुकाच राहिला. झाकण उघडल्यावर आतल्या पट्टीवर पाण्याचे पांढरे डाग आणि कुजलेल्या रेषा दिसल्या. पुरवठा ठीक, अर्थिंग ठीक, तारा ठीक, सेन्सर निर्दोष, आणि गाडीबाहेर काढूनही संगणक मूक : इतक्या साक्षी जुळल्यावरच त्याने निकाल दिला.

येथे एक सावधगिरी नमूद करणे आवश्यक आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत जातो. इंजिन चालू असताना त्या नळ्या सैल करणे जीवघेणे ठरू शकते, कारण ती धार कातडीत घुसते. इंजेक्टरच्या तारांवरही बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्ट क्षणभर येतात. तेथे बल्ब किंवा हात लावू नये.

बदलण्याची रीत

निदान पक्के झाल्यावरही नवा संगणक लगेच बसवायचा नसतो. पहिला संगणक कशाने मेला, हे आधी शोधावे लागते. कारण कायम राहिले तर तेच फळ पुन्हा येणार, हा विचार आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या गाडीत पुढच्या काचेचे रबर एका कोपऱ्यात फाटले होते. तेथून झिरपलेले पाणी तारांच्या जुडग्यावरून ओघळत थेट संगणकाच्या जोडात उतरत होते. रबर बदलले, कुजलेल्या पिना बदलल्या, आणि जुडगे अशा रीतीने बांधले की जोडाच्या आधी त्याला खाली झोल मिळावा. आता पाणी आलेच, तर झोलाच्या तळाशी गळून जाईल, जोडापर्यंत चढणार नाही.

त्यानंतरचा क्रम आम्ही वहीत असा टिपून ठेवला आहे :

१. नव्या संगणकाचा भाग क्रमांक जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळवावा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असू शकतात.

२. चावी काढून काही मिनिटे थांबावे, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवावी. जोड लावण्यापूर्वी धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, आणि पिनांना बोट लावू नये.

३. प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा संकेत छापलेला असतो. ज्या गाड्यांत तो संगणकाला द्यावा लागतो, तेथे चारही संकेत क्रमाने लिहून ठेवावेत. क्रम चुकला तर इंजिन खडखडते आणि धूर वाढतो.

४. गाडीचा चासी क्रमांक, आज्ञावली आणि चोरीप्रतिबंधक चावीची ओळख नव्या संगणकात भरावी लागते. हे झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. भंगारातून आणलेला स्वस्त डबा याच कारणाने अनेकदा निरुपयोगी ठरतो. विकत घ्यायचाच, तर पक्के बिल आणि परत घेण्याची लेखी हमी घ्यावी.

५. आज्ञावली भरत असताना बॅटरीला स्थिर चार्जर जोडून ठेवावा. मध्येच व्होल्ट घसरले, तर नवा संगणक बसवता बसवताच निकामी होतो.

६. शेवटी संकेतांक पुन्हा वाचावेत, रेलचा दाब आणि तापमान चालत्या गाडीत पाहावे, गाडी थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत चालवून पाहावी, आणि धुराची तपासणी करून पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे.

काही ठिकाणी 'गाडी जोरात पळेल' असे सांगून संगणकातील आज्ञावली बदलून दिली जाते, धूर कमी करणारी यंत्रणा बंद केली जाते. लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण तरी हा मोह टाळावा. ज्या कामासाठी संगणक इंजिनात आला, तेच काम त्यातून काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे.

उपसंहार

दुसऱ्या वेळी शाळेला खर्च करावाच लागला, आणि तो लहान नव्हता. परंतु तो करताना कोणाच्या मनात शंका नव्हती, आणि कोणावर खोटा आळ आला नव्हता. पहिल्या वेळचे ४८ हजार वाचले, त्यांतून मुलींच्या वसतिगृहात गाद्या आल्या. पैशांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. यंत्राचे निदान चुकते तेव्हा त्याची किंमत नेहमी शेवटच्या माणसाकडून वसूल होते : चालकाकडून, मदतनिसाकडून, ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याकडून. आम्ही समतेचे धडे शिकवणारे. तरी कार्यशाळेतील अनोळखी माणसाच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला, आणि रोज मुलांचा जीव ज्यांच्या हाती देतो त्या मामांना एक प्रश्नही विचारला नाही. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, आणि तांत्रिक प्रशिक्षणाचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. हाताच्या कौशल्याला विज्ञानाची जोड मिळाली, तर कारागीर कोणाचा आश्रित राहत नाही. आमच्या विद्यार्थ्याने ते आमच्याच अंगणात सिद्ध केले. आपल्या पाल्याचा कल यंत्राकडे असेल, तर पालकांनी त्याला 'नुसता मेकॅनिक होशील' असे म्हणून नाउमेद करू नये. आजचा मेकॅनिक ओमचा नियम रोज वापरतो, आणि पुराव्याविना निकाल देत नाही. आमच्यासारख्या पदवीधरांना जे जमले नाही, ते त्याला जमते.

कुजलेला तो संगणक आता शाळेच्या प्रयोगशाळेत झाकण उघडून ठेवला आहे. त्याच्याशेजारी एक मल्टिमीटर, २१ वॅटचा बल्ब आणि रंगाचा थर बसलेला जुना बोल्ट आहे. नववीचा विजेचा धडा आला की मामा गाडी प्रयोगशाळेच्या दारात आणून लावतात, दिवे आणि वायपर सुरू करतात, आणि मुले अर्थिंगवरचे व्होल्ट स्वतः मोजतात. कोणत्या वेळी गाडी थांबत असे, हे मुलांना मामाच सांगतात.